नसलेल्या अनीसचा बाप

सैदा,
१२ नोव्हेंबर १९९७

प्रिय घस्सान,

तुला, सेलियाला आणि नव्या पाहुण्याला सलाम. इकडे मी बरा आहे, दुकान बरं आहे, समुद्र जागेवर आहे. तुमची खुशाली पत्रातून कळली, जिवाला बरं वाटलं. आता मुख्य विषयाकडे वळतो. विषय गंभीर आहे.

अख्ख्या सैदा शहरात एका कपाचं कॉफीचं भांडं मिळत नाही.

हसू नकोस. आईच्या वेळचं ते दोन कपांचं भांडं आठवतं ना, त्याचा दांडा निखळला. चिमट्यात धरून कॉफी करायला गेलो आणि उजव्या हाताची दोन बोटं भाजून घेतली. म्हटलं, नवं घ्यायचंच आहे तर आता आपल्या मापाचं घ्यावं. आई गेल्यापासून मी रोज दोन कप कॉफी करतो, एक पितो, दुसरी निवताना बघतो आणि मोरीत ओततो. ही उधळपट्टी थांबवावी असा सुज्ञ विचार करून तांबटआळीत अबू झुहैरकडे गेलो. त्याने दोन कपांचं, चार कपांचं, सहा कपांचं आणि मयताच्या घरी लागतं ते बादलीएवढं अशी सगळी भांडी माझ्यासमोर मांडली.

"एका कपाचं दे," मी म्हटलं.

"कोणाला हवंय?"

"मला."

"आणि पाहुणा आला म्हणजे?"

"येत नाही."

त्याने हातोडी खाली ठेवली. "अबू अनीस, जन्म गेला माझा भांडी ठोकण्यात. एका कपाचं भांडं मी केलं तर लोक म्हणतील, या म्हाताऱ्याने कोणालातरी शाप देऊन ठेवलाय. तुरुंगात विचार, तिथे मिळेल."

नगरपालिकेने यात लक्ष घालावं असं माझं स्पष्ट मत आहे. एकटा माणूसही कर भरतो.

तर तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला तो या बोटांमुळे. तू दुकानात फोन केलास असं शेजारचा मुनीब शिंपी सांगत होता. बेल बराच वेळ वाजत होती म्हणे. मी आत झिपांचे खोके लावत होतो. ऐकू आली नाही. म्हणजे आली, पण खोके डोक्यावर होते.

बाजारात मंदी आहे. लोकांनी बटणं तोडायचंच सोडून दिलंय की काय कोण जाणे. संत्री या वर्षी गोड आहेत. जनरेटरवाल्याने दर वाढवले आणि वीज कमी केली. त्याचं गणित आपल्या मंत्र्यांच्या तोडीचं आहे.

तुझं पत्र मी नीट वाचलं. तू लिहितोस, "तू थोरला. वडिलांच्या नावावर पहिला हक्क तुझा. तू हो म्हटल्याशिवाय मी बाळाचं नाव नोंदवणार नाही. तोवर आम्ही त्याला नुसतं बाळ म्हणतो, आणि सेलियाची आई मला रोज विचारते की तुमच्याकडे मुलांना नाव द्यायला मनाई आहे का."

अरे, एवढं विचारायचं काय त्यात? एकाच नावाचे चुलतभाऊ असले म्हणून कोणाचं काही बिघडत नाही. आपल्या काकांच्या अंगणात "उमर" अशी हाक मारली की चार डोकी वळायची आणि पाचवं कबूतर उडायचं. तू सरळ नाव ठेवून मोकळा झाला असतास तर मी काय न्यायालयात जाणार होतो? पण तू विचारलंस. लहानपणी माझा चेंडू न विचारता घ्यायचास आणि आता नको तिथे अदब दाखवतोस.

त्याबद्दल खाली लिहितो.

सेलियाला हा सगळा प्रकार विचित्र वाटत असेल. तिला असं समजावून सांग: आमच्या गावात माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं म्हणजे त्याला दारात उभं करून पाणीही न विचारण्यासारखं. थोरल्या मुलाचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, अमक्याचा बाप, अमक्याची आई. अबू अमुक, उम्म अमुक. मुलगा नसला तरी अडत नाही. थोरल्याच्या थोरल्याला आजोबांचं नाव मिळायचं हे ठरलेलंच, तेव्हा मुलगा व्हायच्या आधीच बाप तयार. मला पंधराव्या वर्षी मिसरूड फुटली त्या दिवशी वडिलांच्या दुकानासमोरचा अत्तरवाला म्हणाला, "या अबू अनीस," आणि मी इतका ताठ झालो की घरी जाताना दाराची चौकट लागली. तेव्हापासून गाव मला अनीसचा बाप म्हणतं. मी बावन्न वर्षांचा झालो. अनीस अजून यायचाय.

आई शेवटपर्यंत विचारायची, "अनीसची आई कुठे अडकली रे?" जणू बाई बैरूतहून निघाली आहे आणि नाक्यावर गाड्या तुंबल्या आहेत. जिच्याशी माझं जमत आलं होतं ती सलवा कुवेतला दंतवैद्याशी लग्न करून गेली, त्यानंतर आईचं आजारपण, मग लढाई, मग जुनी गल्ली पडली आणि आम्ही या नव्या इमारतीत आलो. रोज सकाळी दुकान उघडावं लागतं. दिवस असेच जातात. कोणी कट केलेला नसतो.

आता उम्म नाजीबद्दल. तू तिला ओळखत नाहीस. नवरा वारल्यावर गेल्या साली सूर शहरातून आली, माझ्या वर तिसऱ्या मजल्यावर राहते. मुलगा नाजी दोहाला. गुडघे दुखतात म्हणून दोरीला टोपली बांधून बाल्कनीतून खाली सोडते. खालचा वाणी तीत भाकऱ्या ठेवतो आणि टोपली वर जाते. येता-जाता ती माझ्या बाल्कनीसमोरून जाते. पहिल्याच दिवशी टोपली माझ्या कपड्यांच्या दोरीत अडकली. मी सोडवायला गेलो.

वरून आवाज आला, "अल्लाह हात शाबूत ठेवो. कोण म्हणायचं आपण?"

"अबू अनीस."

"अनीस कुठे असतो?"

घस्सान, जुन्या गल्लीत हा प्रश्न मला कधी कोणी विचारला नव्हता. तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. "नाही" म्हणायला मी तोंड उघडलं आणि त्यातून "ब्राझीलला" बाहेर पडलं.

"माशाल्लाह. काय करतो?"

"कापडाचं काम."

हे खोटंही नव्हतं. फक्त ते तुझं होतं.

त्यानंतर टोपली माझ्यासमोर थांबू लागली. कधी भात भरलेले छोटे दुधी, कधी द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या. ताट रिकामं परत करायचं नसतं, म्हणून मी संत्री, लोणचं, एकदा तर चांगल्या बटणांचं पाकीटही ठेवलं. आणि तुझं पत्र आलं की वरून हाक यायची, "अबू अनीस, कडेला पट्टे असलेलं पाकीट आलंय. वाचा की, आम्हीही ऐकतो." मी बाल्कनीत उभा राहून तुझी पत्रं मोठ्याने वाचायचो. तू लिहितोस "प्रिय भावा", मी वाचायचो "प्रिय बाबा". एवढाच बदल. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा घसा बसला. तिला वाटलं सर्दी झाली, तिने झातरचा काढा पाठवला.

आता तू म्हणशील, दादाला वेड लागलं. नाही लागलं. वेड्याला आपण खोटं बोलतोय हे कळत नाही. मला कळत होतं, आणि तरी महिन्यातून एकदा मी दाढी करून बाल्कनीत जायचो.

तुझं हे शेवटचं पत्र आलं तेव्हाही तिने पाकीट पाहिलं. मी ते आधी मनात वाचलं. परवानगीचं गाळलं, नोंदणीचं गाळलं, सेलियाच्या आईचं गाळलं.

"काय म्हणतो अनीस? गप्प का झालात?"

"मुलगा झाला," मी म्हटलं. तेवढंच उरलं होतं.

तिसऱ्या मजल्यावरून तिने अशी काही जिभेने ललकारी काढली की खालचा वाणी वजन टाकून रस्त्यावर आला. "रशाद आला," ती ओरडून सगळ्यांना सांगत होती. "अबू अनीसच्या घरी रशाद आला."

मला समजायला क्षणभर लागला. बरोबरच होतं तिचं. अनीसला मुलगा झाला म्हणजे त्याला आजोबांचं नाव. म्हणजे माझं, जे तिने दारावरच्या पाटीवर वाचलेलं. या जगात मला कोणी आजोबा करेल आणि माझं नाव पुन्हा कोणाच्यातरी बारशाला घेतलं जाईल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. आणि ती बाई ते बाल्कनीतून जाहीर करत होती.

माझ्या घरी बाईमाणूस नाही म्हणून मूल झाल्यावर वाटायची मेगली तिनेच केली. तांदळाचं पीठ, शहाजिरं, दालचिनी, तासभर हात न थांबवता ढवळलेलं, वर भिजवलेले अक्रोड आणि बदाम. सगळ्या इमारतीत वाट्या फिरल्या. जिन्यात लोक मला मिठी मारत होते. पहिल्या मजल्यावरचा तो कस्टमवाला, ज्याने वर्षभरात मला मान हलवूनही ओळख दिली नव्हती, तो म्हणाला, "तुमच्या सावलीत वाढो." सगळ्यात मोठा काचेचा वाडगा माझ्यासाठी आला. मी तो एकट्याने संपवला, घस्सान. तुझ्या मुलाच्या जन्माचं गोड मी माझ्या नातवाच्या नावाने खाल्लं. आणि तुला सांगतो, चव फार चांगली होती.

वाडगा अजून माझ्याकडे आहे, धुऊन, पालथा. तो बघितला की तुझ्या पत्राला उत्तर द्यावंसं वाटायचं नाही. अनीस हे नाव तुला दिलं म्हणजे मी कोण उरतो? बटणवाला. आणि नाही दिलं तर नसलेल्याचा बाप तरी राहतो. बावन्नाव्या वर्षी माणूस असले हिशोब करतो.

वीज गेली. बाकीचं नंतर.


१९ नोव्हेंबर

पुढे लिहितो.

परवाच्या दिवशी उम्म नाजी दुकानात आली. गुडघे धरत, जिने उतरून, बाजारापर्यंत चालत. तिला इथे पाहून मी घाबरलोच, कारण बाजारात सगळे मला नीट ओळखतात आणि मुनीब शिंपी हाताच्या अंतरावर बसलेला असतो.

"लहानात लहान बटणं दाखवा. पांढरी. टोचणार नाहीत अशी."

"कशाला हवीत?"

"काय बाई हे आजोबा," ती मुनीबला म्हणाली. "नातवासाठी स्वेटर विणलाय, कशाला काय विचारताय?"

पिशवीतून तिने तो काढला. निळा, माझ्या तळहाताएवढा. छातीवर पांढऱ्या दोऱ्याने "रशाद" असं भरतकाम केलेलं, शेवटचं अक्षर व्हायचं होतं. "मोठं काढलंय," ती म्हणाली. "त्या देशात कोणाला वाचता येणार नाही, पण दिसायला तर हवं."

मुनीबने मान वर केली. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो मला ओळखतो. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, दातात दोरा धरला आणि पुन्हा मशीनवर वाकला. त्याने मोठ्याने हसावं असं मला वाटत होतं. तो माझी लाज राखत होता, ते जास्त झोंबलं.

मी बटणं निवडायला लागलो. लहान बटणं भाजलेल्या बोटांनी उचलता येत नाहीत, निसटतात. आणि ती निसटता निसटता माझ्या मनात आलं, की जो मुलगा जगात नाही त्याच्या मुलाचा स्वेटर झाला, त्याच्या नावाचं गोड वाटून झालं, लोकांच्या मिठ्या मारून झाल्या. आणि जो खराखुरा आहे, ज्याला नाक आहे, रडू आहे, त्याला अजून नाव नाही. कारण त्याचं नाव मी अडवून बसलोय.

बटणं तिच्या हातात दिली आणि म्हटलं, संध्याकाळी वर येतो, एक गोष्ट सांगायची आहे.

गेलो. दारातच सांगितलं, आत बसून सांगायची हिंमत नव्हती.

"म्हणजे अनीस नाही?" ती म्हणाली.

"नाही."

"वारला का?"

"नव्हताच कधी. पत्रं माझ्या भावाची."

ती दाराला धरून उभी होती. मला वाटलं ओरडेल. तिने हळू विचारलं, "मी नमाजानंतर नाजीसाठी मागायचे आणि लगेच त्याच्यासाठी. रोज. परक्या मुलखात त्याला ऊन लागू नये, वाईट संगत लागू नये. ते सगळं मागितलेलं कुठे गेलं, अबू अनीस?"

घस्सान, मी जिभेचा तिखट म्हणून गावात प्रसिद्ध आहे. त्या दारात मी तिच्या पायपुसण्याचे धागे मोजले.

"तिथे एक मुलगा आहे," मी शेवटी म्हटलं. "भावाचा. त्याला लागू पडेल. त्याला अजून नाव नाही."

"का नाही?"

"मी दिलं नाही म्हणून. वडिलांचं नाव आहे, माझ्या वाट्याचं."

शिळे मासे ताजे म्हणून विकणाऱ्याकडे बघावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं. "बाळाला बिननावाचं झोपवतात तिथे," ती म्हणाली, "आणि तुम्ही माझी मेगली खात बसलात."

"इथून पुढे मला रशाद म्हणा," मी म्हटलं. "तेवढंच खरं आहे."

तिने दार लावून घेतलं.

त्या रात्रीपासून टोपली माझ्यासमोरून न थांबता जाऊ लागली. रिकामी खाली, भाकऱ्या घेऊन वर. मी बाल्कनीत उभा असलो तरी. वेग जरा वाढलाच होता.

काल दुपारी तुला फोन लावला. तुझ्या सासूने उचलला. ती पोर्तुगीज बोलत होती आणि मी अरबी. मग मी बाकी सगळं सोडून दिलं आणि नुसतं "अनीस" म्हटलं. ती काहीतरी म्हणाली. मी पुन्हा "अनीस" म्हटलं. मागे एक मूल रडत होतं, आणि मग ती बाई हळू आवाजात, रिसीव्हर बाजूला धरून, त्या रडण्याला म्हणाली, "अनीस, अनीस." रडणं थांबलं नाही, तुला वाटेल मी गोष्ट रंगवतोय. उलट वाढलं. पण तिने काय म्हटलं ते मी ऐकलं. तिला नीट कळलं नसेल तर म्हणून हे पत्र. नाव दिलं, घस्सान. मनापासून दिलं. आज नोंदव.

सेलियाने नावाचा अर्थ विचारलाय. तो तुला ठाऊक नाही हे वाचून मी तुला दोन दिवस शिव्या घातल्या, पण आजी ते सांगायची तेव्हा तू लहान होतास. आजीची आधीची बाळं जगली नव्हती. आजोबा समुद्रावर जायचे आणि तिला घर खायला उठायचं. वडील जन्मले आणि जगले, तेव्हा तिने हे नाव ठेवलं. अनीस म्हणजे ज्याच्या असण्याने घर खायला उठत नाही. वडील दुकानात दिवसभर का बडबडायचे, हे मला फार उशिरा कळलं. त्यांना ते नाव सांभाळायचं होतं. तुझ्या मुलाला लगेच एवढं काम देऊ नका. आधी रडू दे पोटभर.

आज सकाळी मी मेगली केली. घड्याळ लावून ढवळत होतो, मध्ये वाणी हाक मारून गेला आणि तेवढ्यात गुठळ्या झाल्या. वाडग्यात भरली, वर अक्रोड लावले, म्हणजे गुठळ्या झाकल्या गेल्या. वाडगा घेऊन तिसऱ्या मजल्यावर जायची हिंमत झाली नाही. बाल्कनीत कठड्यावर ठेवला आणि शेजारी उभा राहिलो. जिन्यात तो कस्टमवाला भेटला होता, त्याला खरं सांगितलं. तो पुन्हा मान हलवत नाही. हिशोब चुकता.

टोपली वरून आली. माझ्यासमोर आली. आणि थांबली.

आत तो निळा स्वेटर होता, कागदात गुंडाळलेला. छातीवरचं "रशाद" उसवलेलं, सुईची भोकं अजून दिसतात. त्यावर नवं नाव. या वेळी शेवटचं अक्षरही पूर्ण. बटणं लावलेली.

मी तसाच उभा राहिलो असेन, कारण वरून आवाज आला, "दिवसभर दोरी धरून उभी राहू का मी, अबू अनीस?"

"रशाद म्हणा सांगितलं होतं ना."

"नवऱ्यालासुद्धा कधी नुसत्या नावाने हाक मारली नाही मी," ती म्हणाली. "या वयात तुमच्यापासून सुरुवात करू? तो स्वेटर पोस्टात टाका. तिकडे थंडी कधी असते विचारून घ्या आधी."

मी स्वेटर काढून घेतला. वाडगा दोन्ही हातांनी उचलून टोपलीत नीट मधोमध ठेवला, कलंडू नये म्हणून बाजूला दोन संत्री टेकवली आणि दोरीला हलकेच झटका दिला. टोपली वर गेली.

पार्सल पत्राबरोबर टाकतो आहे. पाकिटावर तुझं नाव "अबू अनीस" असं लिहितो. तिथल्या पोस्टमनला कळणार नाही, पण पत्ता बरोबर आहे. भांड्याला अबू झुहैरने नवा दांडा लावून दिला, दोन कपांचंच राहिलं.

त्या बाळाच्या कानात माझा आवाज पोचवता येत असेल तर पोचव.

अनीसचा काका,
रशाद